मधली अकरा मिनिटं

३ जून, सोमवार

सकाळच्या बोटीने इलोइलोहून बाकोलोदला आले. समुद्र तव्यासारखा सपाट. शेजारच्या बाईंनी अख्खा प्रवासभर तिन्ही जावयांची गाऱ्हाणी ऐकवली आणि उतरताना बिस्कोचोचा, म्हणजे गोड टोस्टांचा, पुडा माझ्या हातात कोंबला. नव्या नोकरीची सुरुवात याहून गोड कशी व्हायची?

कंपनी फेरीबोटींची आहे. चौदा बंदरं, चारशे तीस कॉम्प्युटर. नवा प्रोग्राम आला की प्रत्येक कॉम्प्युटरपाशी माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून मी इथे बसून त्या प्रोग्रामचं एक गाठोडं बांधायचं आणि एका आज्ञेत ते सगळीकडे पोचवायचं. तिकडे खिडकीत तिकिटं फाडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या नकळत ते बसतं. आमच्या धंद्यात यालाच उत्तम काम म्हणतात.

गाठोडी बांधायची साधनं बाजारात डझनभर आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं हे मी ठरवायचं, आणि तेही लवकर, कारण अठ्ठावीस तारखेला प्रवासीयादीचा नवा प्रोग्राम चारशे तीस ठिकाणी जायचा आहे. हे मला सर रामिल दुमांकास यांनी सांगितलं. ते आमच्या खात्याचे प्रमुख. वय पंचेचाळीसच्या आसपास, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलताना नजर माणसाकडे कमी, घड्याळाकडे जास्त.

मदतीचा फोन सांभाळणाऱ्या बेलेनबाईंना सगळे 'नांग बेलेन' म्हणतात, म्हणजे थोरल्या ताईसारखं. त्यांनी ओठांचा चंबू करून कोपऱ्यातल्या बंद दाराकडे दाखवलं आणि ती तुझी खोली म्हणून सांगितलं. पंख्याला मधूनमधून चापट मारावी लागते म्हणे. खोली आधी नोंग तेयो, म्हणजे तेयोदादा, यांची होती. एलेउतेरियो मागबानुआ. एकोणीस वर्षं एकट्याने गाठोडी बांधली आणि मार्चमध्ये याच खोलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेले. खुर्चीच्या पाठीवर त्यांचं जाकीट अजून होतं. मी घडी घालून नांग बेलेनना दिलं. त्यांनी ते पोटाशी धरलं आणि जेवायला निघून गेल्या.

मला कशाची भीती वाटत नाही. माणसं मरतात, खुर्च्या उरतात. खुर्ची चांगली आहे.

५ जून, बुधवार

तीन साधनं शेवटच्या फेरीत ठेवली आहेत.

एक आहे नोंग तेयोंचं, जुनं. त्याची रीत अशी: एक कोरा कॉम्प्युटर घ्यायचा, त्याची छबी काढायची. मग त्यावर प्रोग्राम बसवायचा आणि पुन्हा छबी काढायची. दोन छब्यांमध्ये जो फरक, ते गाठोडं. काम झटपट होतं आणि डोकं लागत नाही.

दुसरं महागडं. पडदा झगमगीत, विकणारा माणूस त्याहून झगमगीत. दोनदा फोन करून मला 'मॅम' म्हणाला आणि तिसऱ्यांदा 'डिअर मॅम'.

तिसऱ्यात प्रत्येक पायरी हाताने लिहावी लागते. अमुक फाइल तमुक जागी ठेव, एवढंच बदल, बाकी कशाला हात लावू नकोस. वेळ खातं, पण गाठोड्यात काय आहे ते बांधणाऱ्याला ठाऊक असतं. माझा कौल याला.

जुन्याचा दोष जगजाहीर आहे. दोन छब्यांच्या मधे जे जे घडेल ते ते सगळं ते उचलतं, कामाचं आणि बिनकामाचं. इलोइलोला आमच्या एका मित्राने मधल्या वेळात पुतणीच्या बाप्तिस्म्याचे फोटो उघडले. दुसऱ्या दिवशी नव्वद कॉम्प्युटरांवर ते बाळ हसत होतं.

सर रामिलना मी हे सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. जुन्या साधनाने आजवर एकदाही दगा दिला नाही, असं ते दोनदा म्हणाले.

७ जून, शुक्रवार

रोज दुपारी नांग बेलेनचा फोन एकदम खणखणतो. चार वाजायला आठ-नऊ मिनिटं कमी असतात तेव्हा. त्यांनी वही दाखवली. तक्रार एकच: काउंटर अडकलं होतं, आता सुटलं. तीन चाळीसला अडकतं, तीन एक्कावन्नला सुटतं. रांगेतले लोक शिव्या देतात, बोट खोळंबते. हे फक्त त्या साठ काउंटरवर होतं, जिथे प्रवासीयादीचा प्रोग्राम मार्चअखेरीस चाचणीसाठी पाठवला होता. नोंग तेयोंनी बांधलेलं ते शेवटचं गाठोडं.

मी साठपैकी वीस कॉम्प्युटरांच्या नोंदी तपासल्या. कॉम्प्युटर अडकलेलेच नाहीत. ते अकरा मिनिटं मुकाट वाट बघत असतात. त्या वेळात कुठेही एक कळ दाबली गेलेली नाही.

अडकतात ती माणसं.

१० जून, सोमवार

कादिज बंदरावरच्या जोवेलिनशी बोलले. सव्वीस वर्षांची, तोंडाची तिखट. आधी म्हणाली, मुख्य कचेरीतून कोणीतरी फोन केला म्हणजे आज बोट बुडणार. मग तिच्या काउंटरवरच्या टेबलपंख्याचं, बंदरावरच्या मांजराचं, सगळं सांगून झालं. मग मी अकरा मिनिटांचं विचारलं.

सुरुवात डाव्या हातापासून होते म्हणाली. हात झोपतो. मग छातीवर कोणी तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं होतं, जीभ जड होते. समोर रांग दिसत असते, पण नजर आपोआप दाराकडे वळते. तिच्या काउंटरला दार नाहीच, चहूबाजूंनी उघडं आहे. तरी नजर दाराकडे वळते. आणि दारात कोणीतरी उभं असतं.

कोण, असं मी विचारलं.

ती म्हणाली, "ते कळत नाही हो. पण त्याला सगळं दिसतंय, एवढं कळतं. दिसतंय आणि तो मदतीला येत नाही."

डॉक्टरने उकाडा म्हणून सांगितलंय. पाणी भरपूर पी म्हणाला.

११ जून, मंगळवार

ते गाठोडं आज माझ्या चाचणीच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः बसवलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून अहवाल लिहायची मला सवय नाही. तीन वाजता कॉफी घेतली. साडेतीनला सगळी कचेरी मेरिएंडासाठी खाली गेली, केळ्याची भजी आणि गप्पा. मजला रिकामा झाला.

जोवेलिनने एका अक्षराचीही भर घातली नव्हती.

डावा हात गेला. पोतं आलं. हाक मारायची होती, जीभ टाळूला चिकटली. दार बंद होतं, मी स्वतः लावलं होतं, आणि तरी ते उघडं दिसत होतं. त्यात एक माणूस. चेहऱ्याच्या जागी उजेड. मी मरतेय हे मला लख्ख कळत होतं आणि त्याहून लख्ख हे की यालाही ते कळतंय. तो आत आला. माझ्या खांद्यावरून वाकला. त्याच्या इस्त्रीचा वास आला. मग क्लिक. एकच. मग तो गेला, आणि पोतं उतरलं.

मी घामाने भिजले होते. स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं आणि आरशाला सांगितलं: फ्लोरिसा गुस्तिलो, ही मिनिटं तुझी नाहीत. ज्याची आहेत तो शोध.

उद्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे. झोप काढीन म्हणते.

१३ जून, गुरुवार

गाठोडं उसवलं. दोनशे चौदा फाइली, त्यातल्या दोनशे तेरा प्रोग्रामच्या. उरलेली एक साधी लिहायची फाइल, बिननावाची. तिच्यात इतकंच: 'बुलि'.

आमच्याकडे मदतीला 'बुलिग' म्हणतात. शेवटचं अक्षर राहून गेलं.

प्रत्येक गाठोड्यासोबत साधन स्वतःची नोंद ठेवतं. पहिली छबी: १९ मार्च, दुपारी एक पंधरा, काढणारा ए. मागबानुआ. 'बुलि' लिहिलेली फाइल तीन चाळीसची. दुसरी छबी तीन एक्कावन्नची. काढणारा आर. दुमांकास.

नांग बेलेनना सगळं सांगितलं. त्या सांगू लागल्या. त्या दिवशी दारावर कागद चिकटवलेला होता, 'छबी चालू आहे, आत येऊ नये'. नोंग तेयो त्याबाबत फार कडक होते. म्हणून मेरिएंडानंतरही त्या आत गेल्या नाहीत. चार वाजून पाच मिनिटांनी काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा दार ढकललं. रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत ती चार वीसला आल्याची नोंद आहे. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ चार पन्नासची.

म्हणजे तीन एक्कावन्नला ते जिवंत होते.

१४ जून, शुक्रवार

सर रामिलसमोर नोंदीचा कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

म्हणाले, "मान खाली होती. मला वाटलं, डुलकी लागलीय."

मी विचारलं, मग जागं का नाही केलंत.

त्या दिवशी चारच्या आत गाठोडं मनिलाला, वरच्या साहेबांकडे, पोचायचं होतं, असं ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "एकच क्लिक उरला होता."

एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, साधनांच्या तुलनेचा तक्ता कधी मिळेल.

१७ जून, सोमवार

गाठोडं काढून टाकायचा प्रयत्न केला. प्रोग्राम निघतो. अकरा मिनिटं निघत नाहीत. आमच्याच धक्क्यावरच्या काउंटरचा एक कॉम्प्युटर पुसून कोरा केला. तीन चाळीसला तिथला कारकून छाती धरून बसलाच. त्याला दुसऱ्या काउंटरवर, ज्याला ते गाठोडं कधी लागलंच नाही अशा कॉम्प्युटरवर बसवलं. तिथेही तेच.

कॉम्प्युटरमध्ये ते आता राहिलेलंच नाही. साठ माणसांत बसलंय. कोणी त्यांना विचारलं नाही, त्यांना कळलंही नाही.

माझ्यासकट एकसष्ट.

नांग बेलेननी काल कॅथेड्रलमध्ये नोंग तेयोंच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितला होता. आज काही फरक नाही. कसा पडणार? मिस्सा मेलेल्यांसाठी असतो. गाठोड्यातला माणूस अजून मेलेला नाही. तो वाट बघतोय.

१८ जून, मंगळवार

जोवेलिन गेली.

तीन चाळीसला पोतं आलं, तीन एक्कावन्नला उतरलं नाही. रांगेतल्या लोकांना वाटलं, नेहमीचं आहे, उठेल आता. कोणीतरी तिला वाऱ्यासाठी पुठ्ठा हलवत होतं. डॉक्टर आला तेव्हा उशीर झाला होता.

तिची मैत्रीण फोनवर रडत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, उद्या तिच्या खुर्चीत मला बसायला सांगितलंय, बसू का?

मी सांगितलं, बसू नकोस. माझं नाव सांग.

१९ जून, बुधवार

तिसरं साधन. हाताने लिहायचं. मी ठरवलंय, आणि त्यात आता काही तुलना उरलेली नाही. प्रवासीयादीच्या प्रोग्रामचं नवं गाठोडं पहिल्यापासून लिहून काढलं, दोनशे तेरा फाइली, प्रत्येक ओळ माझ्या डोळ्यांखालून गेलेली. कारकुनाच्या पडद्यावर आधी प्रश्न येईल: हे बसवायचं का, हो की नाही. असं कोणी करत नाही. मी केलं.

सर रामिल म्हणाले, मनिलाने जुन्या गाठोड्याला मंजुरी दिली आहे. अठ्ठावीसला दुपारी चार वाजता तेच चारशे तीस ठिकाणी जाईल. आज्ञा द्यायची किल्ली त्यांच्याकडे आहे. जोवेलिनचं नाव काढलं तर म्हणाले, तिच्या घराण्यात हृदयविकार होता.

मी म्हटलं, हे गाठोडं मी पाठवणार नाही, आणि तुम्हालाही पाठवू देणार नाही.

ते म्हणाले, "तुम्ही इथे येऊन तीन आठवडेही झाले नाहीत, मॅम. बोटी रोज इलोइलोलाही जातात."

जातात ना. जाऊ देत.

२१ जून, शुक्रवार

मनिलाला पत्र लिहिलं, नोंदींसकट. उत्तर आलं की योग्य त्या खात्याकडे, म्हणजे सर रामिलकडे, पाठवलं आहे.

आज पोतं जड होतं. दर दिवशी थोडं जड होतंय. सुटायला तीन एक्कावन्नच्या वर अर्धं मिनिट लागलं. साठ ठिकाणीही तसंच असणार. नांग बेलेनना फोनवर लोक आता बंदराची नावं सांगत नाहीत. नुसतं 'सुटलो' म्हणतात आणि फोन ठेवतात.

घरी आईला फोन केला. ती म्हणाली, ये परत. मी म्हटलं, परत आले तरी हे माझ्याबरोबर येईल. तिला वाटलं मी प्रेमात पडलेय.

हसले. बऱ्याच दिवसांनी.

२४ जून, सोमवार

विचार केला. शांतपणे.

गाठोड्यात काय आहे? मरण नाही. मरण नंतर आलं. त्यात आहे एक माणूस ज्याला मदत हवी होती, दुसरा माणूस जो आला, आणि क्लिक. तिथेच छबी बंद झाली. पुढचं त्यात काहीच नाही. म्हणून ते संपत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

जे बांधताना बिघडलं ते बांधायच्या जागीच सुधारतं. तीच खोली, तेच साधन, पहिली छबी काढायची. आणि मधल्या वेळात ते घडवायचं जे तेव्हा घडलं नाही.

कोणीतरी दारातून यावं आणि क्लिक न करता मदतीला धावावं.

नांग बेलेनना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. दारावरच्या त्या कागदाला मान दिल्याचं त्यांना अजून खातंय.

२५ जून, मंगळवार

नाही झालं.

एक पंधराला छबी काढली. तीन चाळीसला खुर्चीत. नांग बेलेन दारातून आल्या, माझा हात धरला, नाव घेऊन हाका मारल्या. त्यांची नावाने हाक — 'नोंग तेयो, मी आलेय' — मी ऐकली.

पण माझ्या आतला तो माणूस त्यांच्याकडे बघेना. माझी मान त्यांनी दोन्ही हातांनी वळवली, तरी डोळे दारावरच. त्यांच्या मागे दारात उजेडाचा चेहरा उभाच होता.

तो त्याची वाट बघतोय. जो तेव्हा आला आणि क्लिक करून गेला त्याची.

२६ जून

पोतं. दोन मिनिटं वर. साठ ठिकाणी —

सान कार्लोसला एक कारकून रुग्णालयात. जिवंत आहे. जिवंत आहे, हे पुन्हा लिहिते.

ते गाठोडं कोणाला पाठवता येऊ नये म्हणून सर्व्हरच्या खोलीचं कुलूप बदलायचा प्रयत्न केला. पहारेकऱ्याने मला खांद्याला धरून बाहेर काढलं. माफी मागत होता बिचारा.

सर रामिलनी माझा राजीनामा टंकून पाठवला आहे. सही तेवढी करायची. फाडला. त्यांच्या समोर.

२७ जून, गुरुवार

आज त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, हरले. उद्या तुमच्या पद्धतीने. नव्या आवृत्तीचं गाठोडं मी जुन्या साधनाने बांधते, पहिली छबी मी काढीन. दुसरी तुम्ही काढा, म्हणजे नोंदीत तुमचं नाव राहील आणि मनिलाला जबाबदारी कोणाची हा प्रश्न पडणार नाही. पावणेचारला या.

त्यांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. खूश झाले. म्हणाले, असं समजूतदारपणे वागलं की सगळ्यांचंच भलं होतं.

खोटं बोलले याचं काही वाटत नाही.

नांग बेलेन दाराबाहेर थांबणार. दवाखान्यातल्या नर्सशी बोलून ठेवलंय. काही झालंच तर.

२८ जून, शुक्रवार

१.१५ — पहिली छबी काढली. वही मांडीवर. लिहीत राहणार. जे मधे घडेल ते साधन उचलेल, आणि जे साधनातून सुटेल ते इथे राहील.

२.४० — नांग बेलेनना सरांनी धक्क्यावर पाठवलं. काउंटरची तपासणी म्हणे. आत्ताच. त्या दारात येऊन रडवेल्या झाल्या, इंदाय, पोरी, उठ, नको करूस, म्हणाल्या. मी जा म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. तेवढ्यात सर आले आणि त्यांना घेऊनच गेले.

एकटी. बरं. नोंग तेयोही एकटेच होते.

३.३० — मजला रिकामा. भज्यांचा वास येतोय जिन्यातून. भूक लागली आहे, याचं नवल वाटतं.

३.३८ — माउसची वायर उपटली. माउस डाव्या मुठीत घेतला. घट्ट. टेबलावर आता क्लिक करायला काही नाही.

३.४० — आलं

उजवा हात चालतोय. लिहिते. पोतं — आज दोन पोती. जोवेलिन, ही तुझीही आहेत. आण. सगळ्यांची आण इकडे, मी बसलेय

३.४३ — हा माणूस माझ्या आत दमलाय. शंभर दुपारी त्याने हेच — त्याला सांगते, थांबा नोंग, आज तो येणार आहे. मी बोलावलंय.

३.४५ दार. खरं दार. सर रामिल.

उजेड नाही. चेहरा आहे. नाक, चष्मा, घाम.

ते पडद्याकडे बघतायत. माझ्याकडे नाही. म्हणाले झालं ना सगळं. वाकले. इस्त्री. हात टेबलावर फिरतोय — फिरतोय — सापडत नाही

३.४७ "माउस कुठाय?"

जीभ नाही. डोळ्यांनी. माझ्याकडे बघा. आधी माझ्याकडे

३.४८ मूठ दिसली त्यांना. बोटं उघडतायत. जोर लावतायत. हात मेलाय माझा, कळत नाही काही. पण मिटून मेलाय. मेलेली मूठ उघडत नाही सर

३.४९ आता चेहऱ्याकडे बघितलं. आत्ता. पहिल्यांदा

त्यांचा रंग — 'नोंग', म्हणाले. मला नाही. आतल्याला. 'नोंग, मला वाटलं झोपला' — नाही सर. नाही वाटलं तुम्हाला

तो बघतोय त्यांच्याकडे माझ्या डोळ्यांनी. आम्ही दोघं

३.५० त्यांचा एक हात माझ्या मुठीवर. एक खिशाकडे. फोन आहे खिशात, दिसतोय आकार. कुठला आधी — ठरवा. तुम्हाला विचारतेय. कोणीतरी विचारतंय. हो की नाही

पोतं फार — दिसत कमी — पण मूठ, मूठ मी सोडणार ना